औषध महाग का, ते गेनबाला कळलं

बोरजाईवाडीत गेनबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. भोळा म्हणजे किती भोळा? एकदा त्याच्या आत्याने सांगितलं, "गेनू, दुधावर लक्ष ठेव." गेनबाने ठेवलं. दूध वर आलं, उतू गेलं, चूल विझली. आत्या ओरडत आत आली, तर हा जागचा हलला नव्हता.

"आत्ये, समदं बघितलं म्या," तो म्हणाला. "पयलं डाव्या अंगानं सांडलं, मग उजव्या."

सांगितलेल्या कामात गेनबाने कसूर केली, असं गावात कुणाला कधी म्हणता आलं नाही. अडचण होती ती सांगणाऱ्यांची.

अंगाने तो दांडगा होता. एकटा बैलगाडी उचलून चाक बदलायचा. आईबाप लहानपणीच गेलेले, म्हणून राहीआत्याने त्याला वाढवलं. दोन शेळ्या, चार कोंबड्या आणि एक गेनबा, एवढा आत्याचा संसार. शेळ्याकोंबड्या तिला फारसा त्रास देत नसत.

या आत्याला साखरेचा आजार जडला. आपल्या शरीरात एक रस तयार होत असतो, तो रक्तातल्या साखरेला आवर घालतो. आत्याचा तो रस आटला होता. मग तोच रस बाहेरून, सुईने टोचून घ्यायचा. त्याला इन्शुलिन म्हणतात. शहरातल्या एका मोठ्या दवाखान्याने ते लिहून दिलं होतं. दिसायला हुबेहूब पेन. टोपण काढायचं, आकडा फिरवायचा, टोचायचं. फार देखणी वस्तू होती, आणि किंमत त्या देखणेपणाला शोभेल अशीच होती.

आत्याने दोन महिने ती किंमत मोजली. तिसऱ्या महिन्यात तिने कुणाला न सांगता एक दिवस आड टोचायला सुरुवात केली. एका सकाळी शेळीची धार काढता काढता ती चक्कर येऊन पडली. गेनबाने तिला उचलून घरात आणलं. गावच्या नर्सबाई आल्या, बोटाला टोचून रक्त तपासलं आणि आत्यावर भडकल्या.

"औषधात नागा करताय व्हय? असाच नागा करत राहिलात तर एक दिवस पडाल त्या उठायच्या न्हाई, राहीबाई."

हे ऐकून गेनबा मोठमोठ्याने रडायला लागला. एवढा दांडगा माणूस रडताना बघून नर्सबाईंनाच कसंतरी झालं.

"आत्ये, तू मेलीस तर मला 'गेनू' म्हणून हाक कोण मारंल?"

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "न्हाई मरत रं. पर त्ये औषध परवडंना मला. तू असं कर, तालुक्याला जा. औषध एवढं महाग का, त्ये इचारून ये. स्वस्त व्हायचा काय मारग असंल तर त्यो बी इचार."

"बरं आत्ये," गेनबा म्हणाला आणि डोळे पुसून निघाला.

तालुक्याला औषधांच्या दुकानात बापूशेठ बसलेले असत. गेनबाने विचारलं, "औषध महाग का?"

असला प्रश्न बापूशेठना कुणी विचारत नसे. गिऱ्हाईक किंमत ऐकायचं, सुस्कारा सोडायचं आणि पैसे काढायचं. त्यांना बरं वाटलं. ते म्हणाले, "अरे, नावाचे पैसे असतात. कंपनीचं नाव मोठं, जाहिरात मोठी, खोकं गुळगुळीत. ते सगळं औषधाच्या अंगावर चढतं. शहाण्या माणसानं नाव बघू नये, आत काय आहे ते बघावं. आतलं तेच असेल तर साध्या नावाचंही चालतं. फक्त डॉक्टरांकडून तसं लिहून आण. माझ्या मनानं मी बदलून देणार नाही."

गेनबाला हे फार पटलं. नाव बघू नये, आत बघावं, असं घोकत तो एसटी स्टँडवर आला.

तिथे दोन गाड्या उभ्या होत्या. एकीवर बोरजाईवाडीची पाटी होती. गेनबाने पाटीकडे पाठ केली आणि आत डोकावलं. आत माणसं खच्चून भरलेली, एक पोर ओकत होतं, आणि कुणाच्या तरी पिशवीतून बोंबील बाहेर आले होते. मग त्याने दुसरीत डोकावलं. आत गार वारा, मोकळी बाकं, खिडकीची जागा. आतलं हे केव्हाही सरस होतं. तो बसला.

घाट उतरताना कंडक्टर आला. "कुठं?"

"बोरजाईवाडी."

"अहो, ही चिपळूणला चाललीय! पाटी वाचता येत नाही का?"

"येती की," गेनबा म्हणाला. "पर शहाणा माणूस नाव बघत नसतो. बापूशेठनीच सांगितलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो घरी परतला. आत्याने रात्रभर देव पाण्यात घातले होते.

"अरं माझ्या राजा!" ती म्हणाली. "औषधाचं नाव निराळं आन् गाडीचं निराळं. भाईर जाताना पाटी वाचायची. पाटीवर लिव्हलंय तसंच वागायचं!"

"बरं आत्ये. आता तसंच करतो."

दुसऱ्या औषधासाठी डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं होतं. तालुक्याला एक डॉक्टरीणबाई होत्या. आत्याने शहरातल्या दवाखान्याचे कागद गेनबाच्या खिशात घातले, खिसा पिनेने बंद केला आणि त्याला पाठवलं.

दवाखान्याच्या दारावर पाटी होती. गेनबाने ती नीट वाचली. 'विचारल्याशिवाय आत येऊ नये.'

विचारायला बाहेर कुणीच नव्हतं. विचारण्यासारखी सगळी माणसं आत होती. गेनबा दाराशी उभा राहिला. म्हातारे आले, लेकुरवाळ्या आल्या, एकजण तर लंगडत आला, आणि सगळे न विचारता सरळ आत गेले. गेनबाला त्यांची कीव आली. एवढी माणसं, आणि एकालाही वाचता येत नव्हतं.

उन्हं कलली तेव्हा डॉक्टरीणबाई कुलूप घेऊन बाहेर आल्या.

"काय हो, सकाळपासून खिडकीतून दिसताय तुम्ही. आत का नाही आलात?"

"येऊ का?" गेनबाने विचारलं.

"आता दवाखाना बंद झाला."

"मग सकाळी कुणाला इचारायचं व्हतं, बाई? इचारायची माणसं समदी आत, आन् आत यायचं न्हाई म्हनून पाटी."

बाईंनी वळून पाटीकडे बघितलं. इतकी वर्षं ती तिथे टांगलेली होती, पण त्यांनी ती बाहेरून कधी वाचली नव्हती. त्या पायरीवर बसून हसल्या, आणि हसून झाल्यावर त्यांनी कागद मागितले.

"हे नव्या तऱ्हेचं औषध आहे," त्या म्हणाल्या. "नवा शोध असला की शोधाचे पैसे पडतात. शिवाय हे पेन, त्याचेही पैसे. बाटलीतलं जुनं औषध बरंच स्वस्त मिळतं. तुमच्या आत्याला ते चालेलही, पण तपासल्याशिवाय मी लिहून देणार नाही. त्यांना घेऊन या. दरवेळी नवंच पाहिजे असं नसतं हो. जुन्यानं काम भागत असेल तर जुनं घ्यावं."

दरवेळी नवं नको, हे शब्द गेनबाने गाठीला बांधले. योगायोग असा की पाडवा तोंडावर आला होता आणि आत्याने येताना नवं पंचांग आणायला सांगितलं होतं. गेनबा रद्दीवाल्याकडे गेला. त्याने गेल्या सालचं पंचांग जवळजवळ फुकटच दिलं, आणि वर दोन वेळा विचारलं, "नक्की हेच पाहिजे ना?"

"आरं, ह्ये मागल्या सालचं हाय!" आत्याने कपाळाला हात लावला.

"जुन्यानं काम भागतंय, आत्ये. पाडवा ह्याच्यात बी हाय. म्या बघूनच घेतलं."

"अरं माझ्या राजा! औषध जुनं चालतंय, पंचांग न्हाई चालत. कुठं काय चालतंय, त्ये ज्येचं त्येला इचारावं!"

"बरं आत्ये. आता तसंच करतो."

आतापर्यंत औषध महाग असण्याची कारणं अशी निघाली होती. बापूशेठ म्हणाले, नावामुळे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवेपणामुळे आणि पेनामुळे. दोघंही शिकलेली माणसं होती, दोघांचंही खरं होतं. पण तेवढ्या खऱ्याने आत्याची सुई भरत नव्हती.

शेवटी आत्या स्वतःच गेनबाचा दंड धरून दवाखान्यात गेली. पाटी आता नव्हती. बाईंनी आत्याला तपासलं आणि बाटलीतलं जुनं, दुधासारखं पांढरट औषध लिहून दिलं. त्याची सुई निराळी, माप निराळं, जेवणाची वेळही निराळी. बाईंनी ते आत्याकडून तीनदा म्हणून घेतलं. गेनबालाही म्हणायला लावलं, आणि त्याने एक अक्षर न चुकता म्हटलं. पाठांतरात त्याचा हात कुणी धरू शकत नव्हतं.

औषध घ्यायला बाईंनी त्यांना एका स्वस्त औषधांच्या दुकानात पाठवलं. तिथली किंमत ऐकून आत्याने कान पुढे केला, परत ऐकली आणि दुकानाच्या दारातच पदर डोळ्यांना लावला. सारखी तालुक्याची खेप नको म्हणून तिने उन्हाळाभर पुरतील एवढ्या बाटल्या घेतल्या.

गेनबाने इथेही विचारलंच. "ह्ये स्वस्त हाय म्हंता, तरी एवढं का?"

दुकानदाराने फ्रिज उघडून दाखवला. "कारखान्यातून निघालं की थंड गाडी, थंड गोदाम, थंड कपाट. एवढ्या उन्हाळ्यात थंडावा सांभाळायचा म्हणजे खर्च आलाच. गरम झालं की औषध वाया. मोलाची वस्तू आहे, थंड ठेवा."

आत्याकडे फ्रिज नव्हता. पण नर्सबाईंनी तोड सांगितली होती. मोठ्या मडक्यात पाणी भरायचं, आत लहान कोरडं मडकं ठेवायचं, त्यात बाटल्या, आणि बाहेरून ओलं फडकं. तालुक्याहून बर्फाच्या डब्यात आणलेल्या बाटल्या आत्याने तशाच ठेवल्या. एक तेवढी वापरायला उघडली. मग तिने गेनबाला मडक्यासमोर बसवलं.

"गेनू, ह्ये मोलाचं हाय. मोलाचं त्ये थंड ठिवायचं. काय सांगितलं?"

"मोलाचं त्ये थंड ठिवायचं."

आत्या रोज सुई घेऊ लागली. पंधरवड्यात तिच्या तोंडावर कळा आली आणि ती पहिल्यासारखी गेनबावर ओरडू लागली. गेनबाला फार आनंद झाला.

आता आमच्याकडे एक रीत आहे. एकीकडे अंडी असतात, दुसरीकडे खुडूक कोंबडी असते, म्हणजे अंडी उबवायला बसलेली. मग हिने आपली अंडी तिच्या कोंबडीखाली ठेवायची आणि पिल्लं निघाली की निम्मी निम्मी वाटून घ्यायची. याला वाट्याने देणं म्हणतात. आत्याने आपली अंडी शेजारच्या हौसाक्काच्या कोंबडीखाली अशी वाट्याने दिली होती. एक दिवस हौसाक्का शेतात गेली, आत्या दळणाला निघाली.

"गेनू, हौसाक्काच्या परड्यात जाऊन आपली अंडी बघ. लई मोलाची हायेत."

गेनबा हौसाक्काच्या घरामागे गेला. कोंबडीखाली हात घालून बघतो तर अंडी तापलेली. मोलाची वस्तू, आणि ही बया तिच्यावर अंग टाकून बसलेली! त्याने एकेक अंडं काढायला घेतलं. कोंबडीने त्याचे हात चोचीने रक्तबंबाळ केले. गेनबा मागे हटला नाही. सगळी अंडी त्याने घरी आणून मडक्यातल्या गार पाण्यात सोडली आणि वरून ओलं फडकं टाकलं.

संध्याकाळी हौसाक्काचा आवाज गावाच्या वेशीपर्यंत गेला.

"मुडद्या, माझी कोंबडी मोकळ्या भुईवर बसलीया! अंडी पाण्यात ठिवत्यात व्हय?"

"मोलाची व्हती, हौसाक्का. मोलाचं त्ये थंड ठिवायचं."

"थंड ठिवलं की समदं तिथल्या तिथं संपतंय! ऊब दिली तर आतनं जीव निघतोय. त्येची कोंबडी व्हती, कोंबडी परत अंडी घालती. एकदा उबवलं की जलमभर इकत आणाय नगं!"

गेनबाने मान वर केली. "जलमभर?"

"जलमभर!" हौसाक्का ओरडली आणि पदर खोचून निघून गेली.

आत्याने नेहमीचं सांगितलं. "अरं माझ्या राजा, अंड्याला ऊब लागती!" पण त्या दिवशी गेनबाने 'बरं आत्ये' म्हटलं नाही. तो विचार करत होता. गेनबाला विचार करताना बघून शेळ्यासुद्धा रवंथ थांबवून उभ्या राहिल्या.

रात्री जेवताना आत्या आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "स्वस्त झालं त्ये खरं. पर इकतचंच की. संपलं की परत आणायचं. जीव हाय तवर आणायचं. कवा हात आखडला तर परत नागा." तिने घास तसाच ताटात ठेवला.

गेनबाने ते ऐकलं. आत्या पुन्हा चक्कर येऊन पडलेली त्याला डोळ्यांसमोर दिसली. इतक्या लोकांना विचारून झालं होतं, पण ते 'परत आणायचं' कसं थांबेल, हे कुणीच सांगितलं नव्हतं. एका हौसाक्काने तेवढं सांगितलं होतं, आणि तेही रागाच्या भरात.

दुसऱ्या दिवशी आत्याची सकाळची सुई झाल्यावर तो कुठेतरी गेला, आला, आणि दिवसभर गुणगुणत कामं करत राहिला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या सुई घ्यायला मडक्याशी गेली. वापरातली उघडी बाटली तिच्या जागी होती. तिने औषध घेतलं, बाटली परत ठेवायला हात आत घातला आणि चाचपडली. पुन्हा चाचपडली. बाकी मडकं रिकामं होतं.

"गेनू! आरं गेनू!"

गेनबा घरात नव्हता. शेजारच्या परड्यातून मात्र त्याचा आवाज येत होता. "ती-ती-ती-ती! ये, ये, ती-ती-ती!"

आत्या धावतच गेली. गेनबा परड्यात गुडघ्यांवर रांगत होता. एका हातात ज्वारीचे दाणे होते. पालथ्या टोपलीखाली बघत होता, सरपणात बघत होता, कुडाच्या फटीतून बोट घालत होता. हौसाक्का दारात उभी होती, तोंड उघडं टाकून. आणि कोपऱ्यात खुडूक कोंबडी पिसं फुगवून, डोळे मिटून बसली होती. तिच्या पोटाखालून काचेच्या चार-पाच बाटल्यांची रबरी बुचं दिसत होती.

आत्याने बाटल्या ओळखल्या. ती खालीच बसली. "गेनू... माझं औषध..."

"हळू बोल, आत्ये," गेनबा कुजबुजला. "कोंबडी उठंल. उघडी बाटली म्या घरातच ठिवली बग. फुटक्या अंड्यातनं काय निघणार? बंद तेवढ्या बसवल्या. हौसाक्काची कोंबडी हाय, तवा निम्म्या तिच्या."

"कशापायी रं, माझ्या राजा? कशापायी?"

गेनबा तिच्याजवळ आला. त्याने तिचा हात आपल्या ओरबाडलेल्या हातात घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

"औषध महाग का, त्ये मला कळलं, आत्ये. त्यो म्हनतोय नाव, ती म्हनती पेन, त्यो तिसरा म्हनतोय गाडी. एकाला बी खरं कारण ठावं न्हाई. थंड गाडी, थंड गोदाम, थंड कपाट! समदेजण थंडीतच ठिवत्यात. मग वाढंल कसं? म्हनून महाग. आता जलमभर इकत आणाय नगं तुला. नागा न्हाई, काय न्हाई."

आत्याला हसावं की रडावं कळेना. तिने दोन्ही केलं. मग डोळे पुसत तिने विचारलं, "आन् तू कोपऱ्याकोपऱ्यानं शोधतोयस काय?"

गेनबाने तिला कोंबडीजवळ नेलं आणि हलक्या हाताने कोंबडीचा पंख वर केला. खाली एक बाटली फुटली होती. भुस्सा ओला झाला होता.

"पयली फुटली बग," तो म्हणाला. "पिल्लू भाईर पडून गेलंय कुठंतरी. लई बारीक असणार, आन् पांढरं. जरा पाय जपून टाक, आत्ये."